बुरशीचं मखर: विरजण कार्तिकात, आरास चवथीला

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मी बुरशीच्या बारा चौकोनी फळ्या साच्यांत लावल्या. यंदा थर्माकोल आणायचा नाही, अळंबीच्या बुरशीतून मखर करायचं, असं घरीदारी सांगून मोकळा झालो होतो. चवथीला आठ दिवस असताना साचे उघडले, तर नऊ फळ्या पोपटाच्या पिसासारख्या हिरव्यागार. उरलेल्या तीन पंख्याखाली वाळवून कशाबशा मखराला लावल्या. गणपती बसल्यावर तिसऱ्या दिवशी त्यातल्या एकीच्या कोपऱ्यातून करंगळीएवढी पांढरी छत्री बाहेर आली. आई वर बघून म्हणाली, "बरं झालं, माटोळीला एक जिन्नस कमीच पडत होता." (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची चौकट.)

तेव्हापासून डिचोलीतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत हे प्रयोग चालू आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. गोव्यात ही बुरशी वाढवायला फारसे कष्ट नाहीत. ती वेळेवर थांबवणं, मारणं आणि कोरडी ठेवणं हे खरं काम आहे. म्हणून खालची सगळी कृती उलट बाजूने, म्हणजे वाळवण्याच्या दिवसांपासून आखली आहे. विरजण, म्हणजे अळंबीचं बियाणं मालात मिसळणं, नोव्हेंबरात, साचे डिसेंबर-जानेवारीत, वाळवण फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात, आणि मग पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, सामानासारखं सगळं पेटीत बंद, थेट चवथीपर्यंत.

हे आहे तरी काय

अळंबीची छत्री म्हणजे फळ. खरं झाड आत असतं: केसाहून बारीक पांढऱ्या तंतूंचं जाळं, कवकजाल. हे तंतू पेंढ्यात, भुशात शिरतात, विकरं (एन्झाइम) सोडून लाकडाचा अंश विरघळवतात, तो खातात आणि खाता खाता एकेका कणाला घट्ट बांधत जातात. डिंक लागत नाही. तंतूंच्या भिंतीत कायटिन असतं. कुर्लीच्या कवचात आणि सुंगटाच्या (कोळंबीच्या) सालीत जे असतं तेच. वाढ पुरी झाली की उष्णता देऊन बुरशी मारायची. मागे राहतो तो हलका, थर्माकोलच्या जातीचा, पण मातीत कुजणारा ठोकळा.

ही माझी टूम नाही. अमेरिकेत एबेन बायर आणि गॅव्हिन मॅकिंटायर या दोघांनी २००७ साली इकोव्हेटिव्ह ही कंपनी काढली आणि याच तत्त्वावर वेष्टनाचे ठोकळे बनवले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या मोमा पीएस-वन संग्रहालयाच्या अंगणात 'हाय-फाय' नावाचा मनोरा उभा राहिला, त्याला अशा सुमारे दहा हजार विटा लागल्या. मात्र तो एका उन्हाळ्यापुरता होता. आमच्या पावसात त्याचं काय झालं असतं, याचा विचार मी अधूनमधून करतो.

बियाणं

विरजण चांगलं तर दही चांगलं, तसंच इथे. धिंगरी अळंबीचं बियाणं घ्या, गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेलं. धिंगरीतही फ्लोरिडा किंवा साजोर-काजू या जाती आपल्या उकाड्याला सोसतात. थंडीत रमणाऱ्या जातींच्या नादी लागू नका. जुने गोवे इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत अळंबीच्या बियाण्याचं आणि प्रशिक्षणाचं काम चालतं. फोन करून, बियाणं तयार आहे का ते विचारूनच निघा. मी पहिल्यांदा कुरिअरने मागवलं होतं. पिशवी चार दिवस उन्हातल्या गाडीतून फिरली आणि घरी पोचली तेव्हा तिला आंबूस घाण येत होती.

चांगल्या बियाण्याचे दाणे पांढऱ्या कापसाने एकमेकांना चिकटलेले असतात आणि त्याला ताज्या अळंबीचा वास येतो. हिरवा, काळा, नारिंगी ठिपका दिसला किंवा तळाला चिकट पाणी साचलं असेल तर घेऊ नका. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ते तीन-चार आठवडे टिकतं. वापरायच्या आदल्या रात्री बाहेर काढून ठेवा.

एक सूचना, कारण मला हे हमखास विचारतात. पावसाळ्यात रोयणीवर, म्हणजे वारुळावर उगवणारी अळमी यासाठी चालत नाहीत. ती टर्मिटोमायसिस वंशातली. वाळवीशी त्यांचा संसार असतो आणि वारुळाबाहेर त्यांची शेती जमत नाही. डॉ. नंदकुमार कामत हे गोव्यातले कवकशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्यांच्या रक्षणाविषयी लिहीत आले आहेत. शिवाय ज्या रोयणीत आपण सातेरी देवी बघतो, ती प्रयोगासाठी उकरायला हात कसा धजेल?

खाद्य: काय चालतं, काय नाही

मी आता दोनच गोष्टी वापरतो: भाताचा पेंढा आणि आंब्याच्या लाकडाचा भुसा. पेंढ्यामुळे ताकद येते, भुशामुळे पृष्ठभाग बारीक येतो. आमच्या वाड्यावरच्या मेस्तकाकांकडे (मेस्त म्हणजे सुतार) भुशाचं पोतं मागायला गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "कसला पाहिजे? सगळ्याचा मिसळलेला नेशील तर तुझी बुरशी मरेल." त्यांना बुरशीचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण सागवानाला कीड का लागत नाही हे पुरतं ठाऊक होतं. सागात बुरशीला मारक द्रव्यं असतात, म्हणून सागाचा भुसा नको. प्लायवुड आणि एमडीएफचा तर मुळीच नको, त्यात फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. पॉलिश केलेल्या किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचाही नको.

नारळाचा काथ्या फुकट मिळतो म्हणून मोह होतो. तो चालतो, पण बुरशी त्यावर फार सावकाश चढते. दोन-तीन पाण्यांतून धुऊन, तांबूस पाणी काढून टाकून, एकूण मालाच्या चौथाईपर्यंतच घाला.

काजूच्या बोंडांचा चोथा वापरायची कल्पना मला फार आवडली होती. एप्रिलमध्ये काजूची दारू गाळतात त्या भाटीवरून दोन बादल्या आणल्या, उकळल्या, बियाणं मिसळलं. तिसऱ्या दिवशी पिशव्या फुग्यासारख्या तट्ट फुगल्या आणि पडवीभर उर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, घमघमाट सुटला. रस पिळून काढला तरी चोथ्यात साखर उरते, आणि साखर दिसली की बुरशीच्या आधी यीस्ट धावतं. शेजाऱ्यांनी चौकशी केली ती वेगळीच.

आठ फळ्यांचं प्रमाण असं: कोरडा भुसा १ किलो, एक सेंटिमीटरपर्यंत कापलेला कोरडा पेंढा १ किलो, गव्हाचा कोंडा २०० ग्रॅम, पाणी सुमारे पावणेचार लिटर. हे मिळून सहा किलोला थोडंसं कमी भरतं आणि ओलावा साधारण ६३ टक्के येतो. प्रत्येक फळी २४ बाय २४ सेंटिमीटर, जाडी ३ सेंटिमीटर. हा आकार मी हौसेने निवडलेला नाही, घरच्या ओव्हनमध्ये तेवढंच मावतं. तुमच्या ओव्हनचं आतलं माप आधी घ्या आणि मगच साचा करा.

पाणी एकदम ओतू नका. दोन-तीन वेळा शिंपडत कालवा आणि माल तासभर झाकून ठेवा. मग मूठभर घेऊन जोरात पिळा. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब आले की झालं. धार लागली तर माल पसरून थोडा सुकू द्या. एकही थेंब न येता मूठ उघडल्यावर माल भुसभुशीत सुटला तर पाणी कमी आहे. ही मुठीची परीक्षा मला वजनकाट्यापेक्षा भरवशाची वाटते, कारण पावसानंतर आणलेला भुसा 'कोरडा' म्हटला तरी कोरडा नसतो.

शिजवणं आणि विरजण लावणं

कोंडा घातला की माल पौष्टिक होतो आणि नको ते पाहुणेही येतात. त्यामुळे नुसतं गरम पाणी पुरत नाही, प्रेशर कुकर लागतो. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या घ्या, साधी पॉलिथिनची पिशवी कुकरमध्ये वितळते. प्रत्येकीत ७०० ते ८०० ग्रॅम माल भरा, तोंडाशी पाइपचा तुकडा बसवून त्यात कापसाचा बोळा घाला आणि वर कागद बांधा. कुकरच्या तळाला जाळी ठेवून भरपूर पाणी घाला. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून दीड तास. १५ पौंड दाबाला आत १२१ अंश सेल्सिअस होतं आणि चिवट बीजाणूही मरतात. पाणी आटून कुकर करपू नये म्हणून जवळच बसा. दहा लिटरच्या कुकरलाही चार फेऱ्या होतात. हा सगळ्यात कंटाळवाणा दिवस.

कुकर नसेल तर भुसा आणि कोंडा वगळून नुसता पेंढा घ्या. रात्रभर भिजवा आणि ७० ते ८० अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. काम होतं, पण फळीचा पृष्ठभाग खरबरीत येतो.

पिशव्या पूर्ण थंड होऊ द्या. गरम मालात बियाणं घातलं की ते शिजतं. आता पंखा बंद, खिडक्या बंद. हात आणि चमचा सर्जिकल स्पिरिटने पुसा (ते पूर्ण उडून जाईपर्यंत गॅस पेटवायचा नाही). मी मोठा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा आडवा ठेवून त्याला हात घालायला दोन भोकं पाडली आहेत, त्याच्या आतच सगळं करतो. आठ पिशव्यांना मिळून साधारण ६०० ग्रॅम बियाणं, म्हणजे ओल्या मालाच्या दहा टक्के. अळंबी पिकवणारे याहून कमी घालतात. आपल्याला मात्र शर्यत जिंकायची आहे, तेव्हा हात सैल सोडा.

पिशव्या अंधाऱ्या जागी, जमिनीजवळ, एकमेकींपासून चार बोटं अंतर ठेवून मांडा. २४ ते २८ अंश उत्तम. वाढताना बुरशी स्वतःही उष्णता सोडते, म्हणून गठ्ठा करून ठेवल्या तर मधल्या पिशव्या तापून मरतात. चौथ्या दिवसापासून दाण्यांभोवती पांढरी वलयं दिसतील आणि दहा ते चौदा दिवसांत पिशवी पांढरी होईल.

रोज बघा, पण उघडू नका. हिरवं दिसलं तर तो ट्रायकोडर्मा, काळी पूड म्हणजे अॅस्परजिलस. पिशवी बंद ठेवूनच घराबाहेर न्या आणि लांब खड्ड्यात पुरा. नारिंगी रंगाची फुगीर पूड दिसली तर घाई करा. ती न्यूरोस्पोरा, एका रात्रीत खोलीभर पसरते. ओल्या कापडात गुंडाळूनच उचला. पिवळसर थेंब थोडे असतील तर घाबरायचं कारण नाही, बुरशीला घाम फुटल्यासारखंच ते.

साचा

डिझाइनवाल्यांना खरी मजा इथे आहे आणि खरी निराशाही. पडद्यावर काढलेली नाजूक जाळी बुरशीला वाचता येत नाही. तुमचा पेंढा एक सेंटिमीटरचा असेल तर तीन सेंटिमीटरहून बारीक नक्षी उमटणार नाही. मला कावीच्या, म्हणजे तांबड्या मातीने रंगवलेल्या, भिंतींवरची वेलबुट्टी हवी होती. पहिल्या साच्यात तिचं पिठलं झालं. मग युक्ती सापडली: नक्षीच्या खोबणीत आधी चाळलेला बारीक भुसा बोटभर दाबायचा आणि मागून पेंढ्याचा माल भरायचा. वेल उठून आली. पाकळीची टोकं मात्र गोलच करावी लागली.

साच्याच्या बाजू वर थोड्या पसरट ठेवा, चार-पाच अंश पुरे, म्हणजे फळी न तुटता निघते. जाडी दोन सेंटिमीटरपेक्षा कमी नको. आठ-दहा सेंटिमीटरच्या वर गेलात तर मध्यभागी हवा पोचत नाही आणि गाभा कच्चा राहतो. साचा पाणी न शोषणारा हवा. प्लॅस्टिकचे डबे, लॅमिनेट केलेला पुठ्ठा, थ्रीडी प्रिंट, काहीही चालेल. लाकडाच्या साच्याला बुरशी तोही आपलाच घास समजून चिकटते. माझा एक शिसवी ठसा असाच गेला.

भरायच्या दिवशी पांढरी पिशवी बाहेरूनच चोळून मोकळी करा. स्पिरिटने पुसलेल्या पातेल्यात माल काढा आणि किलोला दोन मोठे चमचे मैदा मिसळा. तुटलेल्या तंतूंना पुन्हा जोडून घ्यायला हे चटकन मिळणारं जेवण. प्रत्येक साच्यात ८०० ग्रॅम माल, कोपऱ्यांपासून सुरुवात करून, अंगठ्याने घट्ट दाबत. सैल भरलेला कोपरा वाळल्यावर बिस्किटासारखा मोडतो. वर क्लिंग फिल्म ताणा आणि सुईने दोन-दोन बोटांवर भोकं पाडा.

चार ते सहा दिवसांत वरची बाजू पांढरी होईल. फळी अलगद काढा, उलटी करा आणि स्वच्छ पिशवीत सैलसर ठेवून आणखी दोन दिवस द्या. साच्याला टेकलेली बाजूही मखमलीसारखी होते. हात लावून बघा, थंड आणि किंचित दमट, पीचच्या सालीसारखं लागतं.

याच दोन दिवसांत एक गंमत करता येते. दोन ओल्या फळ्यांच्या कडा थोड्या खरवडून एकमेकींना टेकवून ठेवल्या तर त्या जुळून जातात. मखराची कमान मी अशीच तीन तुकड्यांतून केली. वाळल्यावर मुद्दाम ओढून पाहिली, तर सांध्याच्या शेजारी तुटली, सांध्यात नाही.

मोठ्या फळीआधी वाटीचाचणी जरूर करा. स्टीलच्या नऊ सारख्या वाट्या घ्या. तीन प्रकारचा माल, आणि प्रत्येक प्रकार तीन वजनांनी भरलेला: सैल, मध्यम, ठासून. तळाला पेन्सिलने आकडा, वहीत तारीख, खोलीचं तापमान, ओलं वजन, सुकं वजन. एका वेळी एकच गोष्ट बदला. वाळल्यावर प्रत्येक वाटी कमरेएवढ्या उंचीवरून टाका, एक दिवस पाण्यावर तरंगत ठेवून किती पाणी प्याली ते मोजा. माझ्या वहीत ठासून भरलेला मिश्र माल जिंकला. नुसता भुसा पडताच दुभंगला.

वाळवण

जुलैतल्या माझ्या चुकीचं मूळ इथे आहे. पंख्याखाली किंवा उन्हात सुकलेली बुरशी मेलेली नसते, झोपलेली असते. चवथीच्या दमट हवेने तिला जाग आली, आणि त्याचं फळ आईने पाहिलं.

म्हणून दोन टप्पे. आधी दोन-तीन दिवस कडक ऊन, उभ्या ठेवलेल्या फळ्या, दोन्ही बाजूंनी वारा. संध्याकाळी पाचच्या आत घरात, नाहीतर दव दिवसभराची कमाई परत घेतं. मग ओव्हन ८० अंशांवर, दार बोटभर उघडं, तीन-चार तास. दर तासाला वजन करा. लागोपाठ दोनदा तोच आकडा आला की फळी सुकली. ८०० ग्रॅमची माझी फळी २७० ते २९० ग्रॅमवर थांबते. थोडी आक्रसतेही, तेव्हा मखराची चौकट वाळल्यानंतरच मापा.

ओव्हन टाळायला म्हणून मी आमच्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, विचारलं होतं, पाव भाजून झाल्यावर भट्टीतल्या उरलेल्या उबेत फळ्या ठेवू का. तो हसला नाही, रागावलाही नाही. एवढंच म्हणाला, लोकांना कळलं तर माझा पाव कोण घेणार? बरोबरच होतं त्याचं. खाण्याच्या भट्टीत हे न्यायचं नाही. मी त्यानंतर जुना ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) विकत घेतला, तो फक्त याच कामाचा.

छत्र्या उगवायची वाट पाहू नका. धिंगरीचे बीजाणू फुफ्फुसांना त्रास देतात. छत्रीचं बोंड दिसलं की त्याच दिवशी ओव्हन. सुकी फळी घासताना मास्क हवाच.

रंग, राखण आणि मर्यादा

उघड्या फळीला मी चपडी लाखेचे दोन हात देतो, स्पिरिटमध्ये विरघळवून, अंगणात, दिव्यापासून लांब. हे पाणी अडवत नाही, दमटपणाला उशीर करतं. रंगासाठी चुन्याची निवळी आणि वर कावेचा तांबडा, थर पातळ आणि रंग कमी पाण्याचा. मग प्रत्येक फळी प्लॅस्टिकमध्ये, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि सगळं पत्र्याच्या पेटीत. जूनमध्ये एकदा पेटी उघडून वास घ्या. कोंदट आला तर ओव्हनमध्ये तासभर.

या फळीवर बसू नये, तिच्यावर जेवू नये, ती उघड्यावर टांगू नये. थर्माकोल भप्पकन पेटतो तशी ही पेटत नाही, काळी पडत जाते. तरी समई आणि निरांजन हातभर दूर, आणि दिव्यांची माळ एलईडीचीच.

गेल्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी पेटी उघडली. सोळा फळ्यांपैकी एकीचा कोपरा उंदराने कुरतडला होता, बाकी पंधरा ठणठणीत. वाजवल्या तर पुठ्ठ्यासारखा बद्द आवाज. कुरतडलेली मी मागे, माटोळीच्या आड लावली. विसर्जनानंतर फळ्या हाताने मोडून माडाच्या अळ्यात टाकल्या आणि वर शेणखत घातलं. आई दोन दिवस तिथे वाकून वाकून बघत होती, एखादी छत्री येते का म्हणून.